लाकडी नेमप्लेट घरी कशी रंगवायची? मराठी फॉन्टपासून क्लिअर कोटपर्यंत

घराच्या दारावर स्वतः रंगवलेली लाकडी पाटी लावायची असेल, तर इंटरनेटवर व्हिडिओ भरपूर आहेत. पण बहुतेक व्हिडिओंमधली अक्षरं इंग्रजी असतात. मराठी नाव रंगवताना एक वेगळी अडचण येते आणि ती ब्रश हातात घेण्याआधीच सोडवावी लागते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, सुट्टीच्या दिवशी अशा पाट्या रंगवतो. त्यामुळे आधी फोनचं काम बघू, मग लाकडाचं.

अक्षरं का तुटतात?

युनिकोडमध्ये 'शि' लिहिताना आधी 'श' साठवला जातो, नंतर वेलांटी. स्क्रीनवर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरं जुळवणं हे 'शेपिंग' करणाऱ्या प्रोग्रॅमचं काम. अँड्रॉइड आणि क्रोममध्ये ते 'हार्फबझ' करतं. एखाद्या डिझाइन अ‍ॅपमध्ये ही सोय नीट नसेल, तर 'शिंदे'ची वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि 'कुलकर्णी'तला रफार सुटून पडतो. एआयने बनवलेल्या चित्रांतही जोडाक्षरं बऱ्याचदा बिघडतात. लाकडावर 'अनडू' नसतं, म्हणून तपासणी इथेच करा.

नाव तपासताना काय बघायचं?

- गोऱ्हे, कऱ्हाडे अशा आडनावांत 'र्ह' नको, 'ऱ्ह' हवा. मराठी कीबोर्डवर ऱ + ् + ह असं टाइप करा.
- 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का ते बघा. काही फॉन्टमध्ये हिंदी वळण येतं. 'टिरो देवनागरी मराठी' या फॉन्टमध्ये मराठी वळण आधीपासूनच आहे.
- घरातल्या मोठ्यांना एकदा प्रिंट दाखवा. ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

फॉन्ट कोणता घ्यायचा?

गूगल फॉन्ट्सच्या साइटवर देवनागरी फिल्टर लावून स्वतःचं नाव टाइप करून पाहता येतं. फॉन्ट मोफत डाउनलोड होतात. 'यात्रा वन' हा मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून बनवलेला आहे, त्यामुळे ब्रशला सोपा जातो. 'मुक्ता' साधा आणि लांबून वाचता येणारा. 'मोदक' दिसायला गोड, पण त्यातल्या फटी इतक्या बारीक की छोट्या पाटीवर त्या रंगाने बुजतात.

प्रिंट कशी काढायची?

लॅपटॉपवर इंकस्केप मोफत मिळतं. त्यात नाव मांडून पीडीएफ करा. दुकानात वर्डची फाइल दिली आणि तिथे तुमचा फॉन्ट नसेल, तर दुसराच फॉन्ट लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पानाच्या कोपऱ्यात 10 सेंमीची रेघ काढून ठेवा आणि प्रिंट 'अ‍ॅक्चुअल साइझ'वर काढायला सांगा. रेघ पट्टीने मोजली की माप बरोबर आहे का ते लगेच कळतं. 12 इंची पाटीवर दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडला, तर 10 इंचांचं नाव आडव्या ए4 कागदावर बसतं.

आता लाकूड आणि रंग

1. फळी: पाइन किंवा सागवान घ्या. एमडीएफ ओल धरून फुगतं, पावसाची झड येते तिथे ते नको.
2. घासणे: आधी 120, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. धूळ पुसून घ्या.
3. बेस: वुड प्रायमर, वाळल्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. चारही कडा आणि मागची बाजूसुद्धा रंगवा, ओल तिथूनच शिरते.
4. छाप: प्रिंट चिकटपट्टीने पक्की करा, खाली कार्बन पेपर ठेवून बोथट पेनाने अक्षरांची कड गिरवा. बेस गडद असेल, तर प्रिंटच्या मागे पांढरा खडू घासा.
5. शिरोरेषा आधी: दोन बाजूंना मास्किंग टेप लावा, कडा नखाने दाबा आणि रंग किंचित ओला असतानाच टेप काढा. ही एक रेघ सरळ आली की सगळं नाव सरळ दिसतं.
6. अक्षरं: उभ्या काठीला चपटा ब्रश, वळणांना 1 किंवा 2 नंबरचा गोल ब्रश. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे.
7. क्लिअर कोट: रंग पूर्ण वाळल्यावर पाण्यात मिसळणारा पीयू क्लिअर, दोन-तीन हात. ऑइलवाला क्लिअर पांढऱ्या रंगावर पिवळसर पडतो. दार उन्हात असेल तर डब्यावर बाहेरच्या वापराचा उल्लेख आहे ना ते बघा.

दुकानातून करून घेणार असाल तर?

तरीही वरची तपासणी तुम्हीच करा आणि तयार पीडीएफ द्या. नाव तिथे पुन्हा टाइप होऊ देऊ नका. रंगवणारा समोरच्या कागदावर जे आहे तेच रंगवतो, आणि तेच पुढची अनेक वर्षं तुमच्या दारावर राहतं.