मात्रा आणि निरीक्षण : एडीएचडीच्या औषधोपचाराची वाटचाल

अवधान टिकवण्यातील अडचण, अतिचंचलता आणि विचाराआधी कृती घडवणारी आवेगशीलता या लक्षणांनी ओळखली जाणारी, बालपणी सुरू होणारी आणि अनेकांच्या बाबतीत प्रौढपणीही टिकून राहणारी मेंदूविकासाशी निगडित अवस्था आज एडीएचडी या नावाने ओळखली जाते. तिच्यावर दिल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधांचे एक वैशिष्ट्य असे, की कोणाला किती मात्रा लागू पडेल हे वयावरून, वजनावरून किंवा लक्षणांच्या तीव्रतेवरून आधी सांगता येत नाही. अल्प मात्रेपासून आरंभ करून, परिणाम आणि दुष्परिणाम नोंदवत ती टप्प्याटप्प्याने वाढवणे आणि जेथे लाभ पुरेसा व त्रास सुसह्य असेल तेथे थांबणे, या पद्धतीला टायट्रेशन म्हणतात. तिच्या इतिहासात औषधाइतकेच महत्त्व निरीक्षणाला आहे : ते कोण करतो, किती काळ करतो आणि कोणत्या कसोटीवर करतो. ब्रिटनमध्ये अलीकडच्या काळात खाजगी निदान आणि खाजगी मात्रानिश्चिती यांभोवती उभे राहिलेले प्रश्न याच इतिहासाच्या आधारे नीट समजून घेता येतात.

अवधानाच्या विकाराचे वर्णन स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिक्टन यांनी १७९८ मध्येच केले होते, आणि १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समधील व्याख्यानांत, बुद्धी शाबूत असूनही आत्मनियंत्रण न साधणाऱ्या मुलांची प्रकरणे मांडली होती. परंतु ही वर्णने उपचारापर्यंत पोहोचली नाहीत. उपचाराचा आरंभ झाला तो अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, ईस्ट प्रॉव्हिडन्स येथील एमा पेंडल्टन ब्रॅडली होम या संस्थेत. मेंदूज्वराने कायमचे अपंगत्व आलेल्या आपल्या मुलीच्या नावाने एका श्रीमंत दांपत्याने ठेवलेल्या संपत्तीतून १९३१ मध्ये उघडलेले हे निवासी रुग्णालय केवळ मुलांसाठी होते. तेथील वैद्यकीय संचालक चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये, वर्तनाच्या विविध तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे ॲम्फेटामाइन वर्गातील औषध दिल्यावर काय घडले, याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मेंदूच्या क्ष-किरण तपासणीसाठी पाठीच्या कण्यातील द्रव काढल्यानंतर मुलांना जी तीव्र डोकेदुखी होई, तिच्यावर उपाय शोधताना हे औषध प्रथम वापरले गेले, असे त्या संस्थेच्या परंपरेत सांगितले जाते. डोकेदुखीवर त्याचा विशेष उपयोग झाला नाही. मात्र सुमारे निम्म्या मुलांची अभ्यासातील गती पहिल्याच दिवसापासून लक्षणीयरीत्या सुधारली आणि औषध थांबवताच ती सुधारणाही ओसरली.

या निष्कर्षाइतकीच तो ज्या परिस्थितीत निघाला ती परिस्थितीही लक्षात घेण्याजोगी आहे. मुले संस्थेतच राहत होती, शाळाही तेथेच होती, आणि परिचारिका, शिक्षक व डॉक्टर यांच्या नजरेखाली त्यांचा संपूर्ण दिवस जात होता. औषधापूर्वीचा एक आठवडा, औषधाचा एक आठवडा आणि औषध थांबवल्यानंतरचा काळ यांची तुलना करता आली ती या अखंड निरीक्षणामुळेच. आणि एकाच औषधाने काही मुले शांत होतात तर काही अधिक अस्वस्थ होतात, हेही त्यामुळेच नोंदले गेले.

बाझेल येथील सीबा कंपनीत लेआन्द्रो पानित्सोन यांनी १९४४ मध्ये मिथाइलफेनिडेट हे रसायन तयार केले, आणि त्यांच्या पत्नीच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून १९५० च्या दशकात ते रिटालिन म्हणून बाजारात आले. १९६० च्या दशकात मुलांसाठी त्याचा वापर वाढला, तेव्हा मात्रा ठरवण्याची जबाबदारी निवासी रुग्णालयातून बाह्यरुग्ण विभागाकडे आणि निरीक्षणाचे काम पालक व शिक्षक यांच्याकडे गेले. १९६९ मध्ये कीथ कॉनर्स यांनी शिक्षकांसाठी गुणांकन-प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिने या निरीक्षणाला मोजता येणारे रूप दिले. मात्र मोजमापाची कसोटी बदलली की योग्य मात्राही बदलते, हे रॉबर्ट स्प्रेग आणि एस्थर स्लेटर यांच्या १९७७ च्या अभ्यासाने दाखवले. शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅमला ०.३ मिलिग्रॅम या मात्रेत मुलांची स्मरणचाचणीतील कामगिरी सर्वोत्तम होती. १ मिलिग्रॅम या मात्रेत ती घसरली, परंतु शिक्षकांच्या दृष्टीने वर्गातील वर्तन याच जास्त मात्रेत सर्वात चांगले होते. पुढील सर्व संशोधनात हाच आकृतिबंध आढळला नसला, तरी शांत बसणारे मूल आणि शिकणारे मूल एकच असते असे गृहीत धरता येत नाही, हा त्यातून निघणारा इशारा आजही मोलाचा आहे.

याच दशकापासून कायद्याने या उपचाराभोवती कुंपण घालण्यास सुरुवात केली. १९७१ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय करारात ॲम्फेटामाइन आणि मिथाइलफेनिडेट ही दोन्ही द्रव्ये कडक नियंत्रणाच्या दुसऱ्या अनुसूचीत गेली, त्याच वर्षी ब्रिटनने अमली द्रव्यांच्या गैरवापराविरुद्ध कायदा केला, आणि भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या यादीत मिथाइलफेनिडेटचा समावेश केला. गैरवापर रोखण्यासाठी हे आवश्यक होते. परंतु त्यामुळे मात्रेतील प्रत्येक बदलासाठी नवी चिठ्ठी आणि एका वेळी साधारण महिन्याभराचाच साठा, अशी या उपचाराची घडण झाली आणि रुग्णाचे डॉक्टरवरील अवलंबन वाढले.

मात्रानिश्चितीला सर्वात काटेकोर रूप मिळाले ते १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एमटीए या उत्तर अमेरिकेतील अभ्यासात. सात ते दहा वर्षांच्या वयोगटातील ५७९ मुलांना चार गटांत विभागून त्यांच्यावर १४ महिने उपचार करण्यात आले. औषधोपचाराच्या गटांत २८ दिवस मात्रा बदलत्या ठेवल्या गेल्या, आणि कोणत्या दिवशी कोणती मात्रा दिली हे पालक, शिक्षक किंवा मूल यांपैकी कोणालाही ठाऊक नसताना त्यांनी केलेल्या नोंदींवरून प्रत्येक मुलाची मात्रा ठरवली गेली. त्यानंतर दरमहा भेटी होत राहिल्या. नेहमीच्या डॉक्टरांकडे सोपवलेल्या चौथ्या गटातील सुमारे दोन-तृतीयांश मुलांनाही औषध मिळत होते, तरीही मूळ लक्षणांत त्यांची सुधारणा कमी होती. गोळी बहुतांशी तीच होती. फरक होता तो मात्रा शोधण्याच्या काळजीत आणि भेटींच्या सातत्यात. तीन वर्षांनंतरच्या पाठपुराव्यात, म्हणजे अभ्यासातील देखरेख संपून बराच काळ लोटल्यावर, गटांमधील हा फरक उरला नव्हता.

दरम्यान निदानाची व्याप्ती वाढत गेली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरण-ग्रंथात १९६८ मध्ये ‘बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया’ म्हणून नोंदलेली ही अवस्था १९८० मध्ये अवधानाचा विकार ठरली, १९८७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले, आणि २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी लक्षणांची आवश्यक संख्या सहावरून पाचवर आणली गेली. ब्रिटनमध्ये मात्र तुलनेने कठोर निकष दीर्घकाळ प्रचलित राहिले, आणि तेथे हे निदान प्रामुख्याने तीव्र लक्षणांच्या मुलांपुरते सीमित होते. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या सरकारी संस्थेने २००० मध्ये तीव्र एडीएचडी असलेल्या मुलांसाठी मिथाइलफेनिडेटची शिफारस केली, आणि २००८ च्या मार्गदर्शिकेत प्रथमच प्रौढांचे निदान व उपचार हे आरोग्यसेवेचे कर्तव्य मानले. बालपणी ज्यांची दखलच घेतली गेली नव्हती अशा पिढ्यांना, विशेषतः गोंधळ घालण्याऐवजी मनातल्या मनात हरवून जाणाऱ्या मुलींना, प्रौढपणी उत्तर मागण्याचा अधिकार त्यातून मिळाला. परंतु त्या प्रमाणात सार्वजनिक दवाखाने आणि तज्ज्ञ वाढले नाहीत, आणि अनेक भागांतील प्रतीक्षा वर्षांच्या हिशेबात मोजली जाऊ लागली.

या पोकळीत खाजगी निदानाचा व्यवसाय वाढला. इंग्लंडमध्ये २०१४ पासून मानसिक आरोग्यसेवेतही रुग्णाला सेवासंस्था निवडण्याचा अधिकार मिळाल्याने, सरकारी खर्चाने खाजगी संस्थेकडे जाण्याचा मार्गही खुला झाला, आणि २०२० च्या महासाथीनंतर दूरदृश्य पद्धतीने होणारी तपासणी सर्रास झाली. नाइसच्या मार्गदर्शनानुसार निदान केवळ प्रश्नावलीच्या गुणांवर करता येत नाही. प्रशिक्षित तज्ज्ञाने विकासाचा व मानसिक आरोग्याचा पूर्ण इतिहास घेणे, लक्षणे जीवनाच्या एकाहून अधिक क्षेत्रांत बाधा आणतात हे तपासणे आणि बालपणीचा पुरावा शोधणे अपेक्षित असते. बालपण महाराष्ट्रात गेलेल्या आणि आता ब्रिटनमध्ये राहणाऱ्या व्यक्तीला यासाठी जुन्या प्रगतिपुस्तकांवर आणि आईवडिलांच्या आठवणींवर विसंबावे लागते. हे काम मन लावून करणारे खाजगी तज्ज्ञ आहेत, तसेच ते घाईने उरकले जात असल्याच्या आक्षेपांवरून २०२३ मध्ये तेथे मोठी सार्वजनिक चर्चाही झाली.

निदानानंतर मात्रानिश्चितीचा खरा कस लागतो. प्रौढांत मिथाइलफेनिडेटची सुरुवात सामान्यतः ५ मिलिग्रॅम दिवसातून दोन ते तीन वेळा, आणि लिसडेक्सॲम्फेटामाइन या ॲम्फेटामाइन वर्गातील औषधाची ३० मिलिग्रॅम दिवसातून एकदा अशी करून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ती क्रमाक्रमाने वाढवतात. नाडी, रक्तदाब, वजन, भूक, झोप आणि मनःस्थिती यांवर लक्ष ठेवतात. खाजगी व्यवस्थेत यांतील बहुतेक नोंदी रुग्ण स्वतःच घरच्या रक्तदाबयंत्राने घेतो, म्हणजे जे काम १९३७ मध्ये एका संपूर्ण संस्थेने केले, ते आता ज्याचे अवधानच विस्कळीत आहे त्या व्यक्तीवर येते. मात्रा स्थिर झाल्यावर औषधाच्या चिठ्ठ्यांची जबाबदारी कुटुंबवैद्याने घ्यावी, यासाठी ‘शेअर्ड केअर’ नावाचा करार केला जातो. तो ऐच्छिक असल्याने कुटुंबवैद्य खाजगी निदानाच्या दर्जाविषयी शंका घेऊन किंवा कामाच्या भारामुळे नकार देऊ शकतो, आणि मग औषध, चिठ्ठी व तपासणी यांचा खर्च अनिश्चित काळ रुग्णावर पडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये औषधांच्या तुटवड्याचा राष्ट्रीय इशारा देण्यात आला आणि टंचाई असलेली औषधे नव्या रुग्णांना सुरू करू नयेत असे सांगण्यात आले, तेव्हा पैसे भरून निदान मिळवलेल्या अनेकांना उपचाराच्या उंबरठ्यावरच थांबावे लागले.

या साऱ्या वाटचालीत औषधाची मूळ क्रिया फारशी बदललेली नाही. बदलली आहे ती रुग्णाकडे पाहणारी नजर आणि तिला मिळणारा वेळ. खाजगी निदानाचा प्रश्न खाजगी की सरकारी एवढ्यावर सुटणारा नाही, कारण घाई दोन्हीकडे शक्य आहे आणि काळजीही. मात्रा ठरेपर्यंत आणि त्यानंतरही, रुग्णाचे ऐकून घेणारा जबाबदार तज्ज्ञ उपलब्ध असणे ही कोणत्याही व्यवस्थेची कसोटी असली पाहिजे. आणि ज्या रुग्णाला वर्षानुवर्षे आळशी किंवा बेशिस्त म्हणून हिणवले गेले, त्याला असा तज्ज्ञ मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.