जंक्शन नावापुरतं उरलेलं दारव्हा

आज आपण दारव्हा मोतीबाग जंक्शनबद्दल बोलू. जंक्शन म्हणजे जिथे गाडीचे रस्ते फुटतात ते ठिकाण. इथे आता गाडीच येत नाही.

मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरची अडीच फुटी लाईन किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने टाकली, ती कापसासाठी. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस गाठी बांधून मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि मग बोटीने विलायतेला. ओढणारं इंजिनही विलायतेचंच, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. ते १९९४ पर्यंत चाललं, मग डिझेल आलं. लोकांनी गाडीला नाव दिलं शकुंतला.

दारव्ह्याहून एक फाटा पुसदला जायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे रूळ उखडले. फाटा गेला, जंक्शन हे नाव तेवढं राहिलं.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र कंपनीचीच राहिली. गाडी चालवायची सरकारी रेल्वेने, रूळ कंपनीचे. भाड्याच्या घराचं होतं तसंच झालं बघा: मालक छत शाकारत नाही आणि भाडेकरू म्हणतो, घर कुठे माझं आहे? रूळ खिळखिळे झाले, वेग कमी कमी होत गेला. शेवटी शेवटी तर गार्डच खाली उतरून फाटक लावायचा आणि तिकिटंही तोच फाडायचा.

गाडी मंद होती हे खरं. पण आमच्या गटातल्या आजी म्हणतात, "तिकीट परवडे, म्हणून बाई एकटी माहेरी जाऊ शके. भाजीची टोपली घेऊन बसलं तरी कोणी उठवत नसे." गाडी बंद करताना तोट्याचा हिशेब मांडला गेला. या टोपलीचा हिशेब त्यात कुठे धरला होता, असं आम्हाला विचारावंसं वाटतं.

आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी लाईन होते आहे. तीही दारव्हा, दिग्रस, पुसद अशीच जाणार. म्हणजे उखडलेल्या वाटेनेच पुसदला पुन्हा गाडी! तिचे थांबे कुठे असतील, सकाळच्या बाजाराला पोहोचवणारी पॅसेंजर असेल का, हे आपण ग्रामसभेत आताच विचारायला हवं.

पुढच्या बैठकीला घरातल्या म्हाताऱ्या बायांना घेऊन या. शकुंतलेच्या आठवणी आम्ही वहीत उतरवून घेतो आहोत. जुनं तिकीट सापडलं तर तेही आणा.