पाल्मेटो : बेकार पोरांनी बांधलेलं उद्यान

मुलगा ऑस्टिनला असल्यामुळे टेक्सासमधली बरीच स्टेट पार्क आमची पाहून झाली आहेत. (पार्क म्हटलं की आपल्याला झोपाळा-घसरगुंडी आठवते. इथे तसं नाही. रान, पाणी, तंबू ठोकायच्या जागा, प्रत्येक जागेपाशी एक टेबल आणि एक शेगडी, बस्स.) त्यातलं माझं सर्वात आवडतं म्हणजे पाल्मेटो. ऑस्टिनहून दक्षिणेला गाडीने तासाभरावर, ओटीन नावाच्या वस्तीजवळ, सॅन मार्कोस नदीच्या काठी. जेमतेम २७० एकर. टेक्सासच्या मानाने अगदीच किरकोळ!

नाव पडलं ते ठेंगण्या पामांवरून. यांचं खोड जमिनीतच राहतं, वर दिसतात ती नुसती पंख्यासारखी पानं. आजूबाजूला कोरडा मुलूख आणि मध्येच हा दलदलीचा हिरवा तुकडा. पण मला सांगायचं आहे ते झाडांबद्दल नव्हे, तिथल्या दगडी भोजनशाळेबद्दल.

ही इमारत नदीकडेच्या रानात अशी बसवली आहे की ती कुणी बांधली असं वाटतच नाही, उगवल्यासारखी दिसते. तांबूस वालुकाश्माचे ओबडधोबड दगड, जाड भिंती, मोठाली लाकडं. सुरुवातीला तिचं छप्परसुद्धा याच पामांच्या पानांनी शाकारलेलं होतं. एखाद्या मोठ्या वास्तुशास्त्रज्ञाचं काम असावं असं पाहणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात दगड रचणारे हात होते अठरा-वीस वर्षांच्या बेकार पोरांचे.

१९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत हाहाकार उडाला होता. १९३३ साली रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि महिन्याभरातच त्यांनी ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’ सुरू केली. सगळे तिला सीसीसीच म्हणत. गरीब घरातल्या अविवाहित तरुणांना रानात छावणी करून ठेवायचं, झाडं लावायची, बांध घालायचे, उद्यानं उभारायची. छावणीची व्यवस्था लष्कराकडे, उद्यानांच्या कामाचे आराखडे आणि देखरेख राष्ट्रीय उद्यान खात्याकडे. पगार महिना ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी. हातात राहायचे पाच! १९४२ पर्यंत तीस लाखांच्या आसपास तरुण या कामावर येऊन गेले. संध्याकाळी वर्गही चालत आणि त्यांत हजारो मुलं लिहायला-वाचायला शिकली. (मास्तरकीची सवय, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.)

टेक्सासमध्ये गव्हर्नर पॅट नेफ यांनी १९२३ मध्येच उद्यान मंडळ स्थापलं होतं, पण विधिमंडळ पैसे देईना. लोकांनी दान दिलेल्या जमिनी नुसत्या पडून होत्या. सीसीसी आली तेव्हा कुठे त्यांची उद्यानं झाली. पाल्मेटोचं काम १९३४ नंतरच्या दोन-तीन वर्षांतलं.

हे वाचलं आणि मला आपला बहात्तरचा दुष्काळ आठवला. मी तेव्हा नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. वर्ग निम्मे रिकामे, कारण मुलं आईबापांबरोबर खडी फोडायला जात. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध... १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातले जवळजवळ पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. कामावर सुकडी मिळे, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, मिलो. ती भाकरी ज्यांनी खाल्ली ते अजून नाव काढलं की तोंड वाकडं करतात. पण तिने माणसं जगवली हेही तितकंच खरं. त्याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला.

दोन्हीकडे भुकेल्या माणसाला काम. फरक कुठे? आपल्याकडे मस्टरवर बाया होत्या, पुरुषांइतक्याच राबत होत्या. सीसीसीत बायकांना प्रवेशच नव्हता. या बाबतीत आपलं पारडं जड. पण आपल्या खडी फोडणाऱ्याला हात चालवण्यापलीकडे काही शिकवावं, त्याच्या हातून काही देखणं घडवावं, हे कुणाच्या मनात आलं नाही. ढीग मोजला की मुकादमाचं काम संपलं. इथे त्या पोरांना दगड घडवायला शिकवलं, आणि बांधून काय घेतलं, तर लोकांना बसून जेवायची जागा! मंदीच्या दिवसांत ही चैन कशाला, असं कुणीही म्हणू शकलं असतं. मला स्वतःला ती चैन वाटत नाही.

अर्थात ‘लोकांना’ म्हणजे कोणाला, हेही सांगायला हवं. सीसीसीत काळ्या तरुणांची संख्या दहा टक्क्यांच्या आसपास रोखून धरली होती आणि त्यांच्या छावण्या वेगळ्या होत्या. कायद्यात तर भेदभाव करू नये असं स्पष्ट लिहिलेलं! टेक्सासच्या बहुतेक स्टेट पार्कांत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत काळ्यांना मज्जावच होता. उद्यानांच्या जुन्या वर्णनांत हे सहसा नसतं.

असो. त्या पोरांची आणखी एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे, पाण्याचा पंप. त्याला रॅम म्हणतात, म्हणजे एडका. नळातून जोरात येणारं पाणी झडप एकदम बंद झाली की एडक्यासारखी धडक देतं. त्या धडकेनं थोडं पाणी वरच्या नळात चढतं, बाकीचं वाहून जातं, झडप उघडते, पुन्हा धडक. वीज नाही, तेल नाही. जमिनीतून आपल्याच दाबाने वर येणाऱ्या पाण्यावर हा पंप बसवून त्यांनी उंचावरची टाकी भरली.

पानांचं छप्पर काही टिकलं नाही, पुढे लाकडी फळ्यांचं आलं. १९९८ च्या ऑक्टोबरात या भागातल्या नद्यांना महापूर आला, एरवीही नदी अधूनमधून रानात शिरते. दगडकाम उभं आहे.

ह्यूस्टन-ऑस्टिनकडची मंडळी जाणार असतील तर उन्हाळा टाळा, दलदलीमुळे डास फार. तंबूच्या जागा मोजक्याच आहेत, आधी आरक्षण करा. पंप पाहायचा असेल तर पाल्मेटो ट्रेल नावाची छोटी पायवाट धरा, आमच्या वयालाही झेपते.