माशी, मासा आणि दमणगंगा

मधुबन जलाशयात महसीरची पिल्लं सोडावीत, चारपाच वर्षांत मासे मोठे झाले की फ्लाय फिशिंगवाले पर्यटक आणावेत, असा विषय आपल्या मंडळाच्या गप्पांत अधूनमधून निघतो. दुधनीला होड्या आहेतच, मुंबई-सुरत जवळ. कल्पना वाईट नाही. पण ती अमलात आणण्याआधी या माशाचा इतिहास एकदा नीट वाचावा, म्हणून हे टिपण.

आधी फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते सांगतो. माझा पिंड इंजिनियरचा, त्यामुळे मला त्यातलं यंत्रशास्त्रच आधी दिसतं. नेहमीच्या गळाला शिशाचं वजन असतं, दोरी नुसती त्याच्या मागून जाते. इथे सगळं उलटं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी इतकी हलकी की ती फेकताच येत नाही. म्हणून दोरीच जड करतात आणि काठी मागेपुढे झुलवून चाबकासारखी दोरी उलगडतात. टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरते. मूळचा खेळ विलायतेतल्या ट्राउट आणि सामन माशांचा. हिंदुस्थानात आलेल्या साहेबांना त्या तोडीचा मासा हवा होता, तो त्यांना महसीरमध्ये सापडला.

महसीर म्हणजे कार्पच. रोहू-कटल्याच्या कुळातला, पण वाहत्या, खडकाळ पाण्यात वाढणारा. खवले मोठे, ओठ जाड, जबड्यात दात नाहीत. चावायचे दात घशात. किडे, शिंपले, लहान मासे खातो आणि काठच्या झाडांची पाण्यात पडलेली फळंही. मद्रास मुलकी सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमसने 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि पुढच्या दोन पिढ्यांतले गळवाले साहेब ते वाचून नद्यांवर जात राहिले.

थॉमसच्या बऱ्याच आधी हा मासा शास्त्राच्या वहीत आला तो मात्र आपल्या मुलखातून. कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनच्या नद्यांतले मासे त्याने जमवले आणि 1839 साली लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीच्या कागदपत्रांत त्यांची वर्णनं छापली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरला त्याने नाव दिलं ‘खुदरी’. आजही त्याचं शास्त्रीय नाव टॉर खुदरी असंच आहे. सायक्सच्या यादीतली बाकीची नावंही बघा: सीनघाला म्हणजे आपला शिंगाळा, शिवाय कोलस, नुक्ता. लॅटिनच्या कोटात शिरलेली ही सगळी इथल्या बोलीतली नावं. ती त्याला कोणी सांगितली असतील? नदीवर जाळं टाकणाऱ्यांनीच. त्यांचं नाव मात्र कुठेच नाही.

पुढे धरणं आली. लोणावळ्याजवळ टाटांच्या वीज कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तलाव बांधले. महसीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट चढून अंडी घालतो, त्यामुळे भिंत आडवी आली की त्याची पंचाईत होते. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात या माशाची अंडी कृत्रिमरीत्या फलित करून पिल्लं वाढवण्याचं काम केलं. 1978 साली त्यांनी आणि एस. एन. ओगले यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. वळवणच्या केंद्रातून लाखोंनी पिल्लं निघाली आणि देशभरच्या पाण्यात गेली. मराठी माणसांनी केलेलं हे काम मोठंच आहे, त्याचा अभिमान मला वाटतो.

पण गोष्ट इथे संपत नाही. कावेरीच्या खोऱ्यात एक वेगळा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला. जगातले सगळ्यात मोठे महसीर त्याच खोऱ्यातले. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने 22 मार्च 1946 रोजी काबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा मासा गळाला लावला होता. त्या खोऱ्यात 1970 नंतरच्या काळात आपली खुदरी सोडली गेली. हेतू चांगला होता: गळवाल्यांना मासा मिळावा, नदी भरलेली राहावी. गालीबोरेच्या कॅम्पवर मासे पकडून परत सोडत आणि प्रत्येकाची नोंद ठेवत. 1998 ते 2012 या काळातल्या सहा हजारांवर माशांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. खुदरी वाढत गेली होती, कुबडवाला जवळपास दिसेनासा झाला होता. गंमत अशी, की तोपर्यंत त्याला पक्कं शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. ते 2018 साली ठरलं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. नाव कळलं तेव्हा मासा संपत आला होता.

आता आपल्याकडे या. दमणगंगा नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात उगम पावते आणि दमणला समुद्राला मिळते. खानवेलची साकरतोड तिचीच उपनदी. वारली-कोकणा पाड्यांवर मासेमारी म्हणजे पाग, गळ आणि पहिल्या पावसात चढणारी वलगण. गेळ्याचं फळ ठेचून डोहात टाकायचं आणि झिंगलेले मासे वेचायचे, ही आदिवासी भागातली जुनी रीत. इंग्रजांनी 1897च्या कायद्याने पाण्यात सुरुंग लावण्याबरोबर विष घालण्यावरही बंदी आणली. सुरुंग आणि गेळा एका तागडीत तोलणं मला कधी पटलेलं नाही. आणि इथे तर तेव्हा पोर्तुगीज राज्य. हद्दीपलीकडच्या गावात जो गुन्हा, तो सिल्वासात त्या कायद्याने गुन्हा नव्हता; नदी तीच, मासाही तोच.

मासा राखायची दुसरी रीतही जवळच आहे. वाडा तालुक्यात तिळसेला वैतरणेच्या काठी महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या डोहातले महसीर देवाचे, त्यांना कोणी हात लावत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीतही तसंच. तिथे ना काठी ना फ्लाय. लोक खायला टाकतात, मासे वर येतात, लोक हात जोडतात. ती पिल्लं कुठल्या केंद्रातून आणावी लागलेली नाहीत.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की मधुबनमध्ये एकही पिल्लू सोडण्याआधी या नदीत मुळात काय होतं ते लिहून काढू. धरणापूर्वीची नदी पाहिलेली माणसं दुधनी, कौंचा, खानवेलकडे अजून आहेत, सत्तरी-ऐंशीतली. सायक्सने विचारलं तेच विचारायचं: माशाला तुमच्या बोलीत काय म्हणता, कुठल्या डोहात मिळायचा, कुठल्या महिन्यात. फक्त या वेळी सांगणाऱ्याचं नावही, त्याची हरकत नसेल तर, वहीत लिहायचं. मी एक तक्ता तयार केला आहे: बोलीतलं नाव, जागा, महिना, पकडायची रीत, शेवटचा कधी पाहिला. मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्याच्या प्रती वाटतो. वलगण सुरू व्हायच्या आत निदान दहा पाडे तरी व्हायला हवेत.