हात गेला, पण दाखला कुठे आहे?

मित्रहो, गेल्या वेळी आपण इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या लढाया पाहिल्या. आज तोफा थंडावल्यानंतरचं बघू. पाय गमावलेला शिपाई गावी परततो, तेव्हा त्याला जेवू कोण घालतं?

कायद्याचं उत्तर आधीपासून होतं. एलिझाबेथ राणीच्या काळात, १५९३ साली, जायबंदी शिपायांसाठी प्रत्येक पॅरिशवर दर आठवड्याची पट्टी बसली. पॅरिश म्हणजे एका चर्चखालचं गाव समजा. पैसा काउंटीच्या खजिनदाराकडे जमायचा आणि कुणाला किती द्यायचं हे दर तिमाहीला बसणारे मॅजिस्ट्रेट ठरवायचे. साध्या शिपायाला वर्षाला १० पौंडांपर्यंत. ही कमाल मर्यादा बरं का. हातात पडायचं ते बहुधा पुष्कळ कमी. भीक मागताना सापडला, की पेन्शन कायमची बंद. आणि बायकामुलांचा या कायद्यात विचारच नव्हता.

ऑक्टोबर १६४२ मध्ये एजहिलची लढाई झाली आणि संसदेने लगोलग जाहीर केलं, की आपल्या जखमींची आणि पडलेल्यांच्या विधवा-मुलांचीही सोय करू. यात दया किती आणि भरतीची निकड किती? आम्हाला दोन्ही दिसतात. (आपल्याकडे पेशवाईत लढाईत पडलेल्याच्या मुलांना बालपरवेशी मिळे, ते इथे आठवतं.)

आता अर्जांकडे या. खरी माणसं तिथे भेटतात. बहुतेकांना लिहिता येत नसे. कुणीतरी लेखनिक मजकूर उतरवायचा, खाली अर्जदाराची नुसती खूण. कोणत्या कप्तानाखाली लढलो, जखम कुठे, घरात खाणारी तोंडं किती. सोबत अधिकाऱ्याचा दाखला हवा. शिपायाकडे निदान दाखवायला जखम होती हो! विधवेने काय दाखवायचं? नवरा दूर कुठेतरी पडलेला, इतरांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलेला, आणि कप्तानही कदाचित त्याच लढाईत गेलेला. मग ती शेजाऱ्यांची, नवऱ्याच्या सोबत्यांची साक्ष गोळा करत फिरायची. नवरा मेला हे सिद्ध करायचं, तेही मुलं सांभाळून, पायी.

१६६० मध्ये राजा परतला आणि सगळं उलटलं. संसदेच्या शिपायांची पेन्शनं बंद झाली. १६६२ च्या कायद्याने ती राजासाठी लढलेल्यांना देऊ केली. पट्टी तशीच, कोर्टही तेच. नेझबीला संसदेकडून लढताना पाय गमावलेला माणूस आता पॅरिशच्या गरीबखात्याच्या दारात उभा राहिला, आणि तिथे त्याच्या लढाईला काही किंमत नव्हती.

या काळातल्या नव्या अर्जांत राजनिष्ठा ठासून लिहिलेली सापडते. पण युद्धात कैद होऊन, किंवा पगारासाठी, कित्येकांनी दोन्हीकडे चाकरी केली होती. अर्जात अर्थातच एकच बाजू दिसते.