तारुण्यपीटिका : उपचारांचा इतिहास

त्वचेतील केशपुटक (ज्यातून केस उगवतो ती पिशवीसारखी रचना) व त्याला जोडलेली त्वक्‌स्नेह ग्रंथी (तेलकट स्राव निर्माण करणारी ग्रंथी) यांच्या चिरकारी म्हणजे दीर्घकाल टिकणाऱ्या विकाराला ‘तारुण्यपीटिका’ वा ‘मुरूम’ म्हणतात. हा विकार मुख्यत्वे वयात येणाऱ्या मुलामुलींत आढळतो आणि चेहरा, छाती व पाठ या भागांवर होतो. तो जीवघेणा नसला, तरी त्यामुळे राहणारे व्रण व येणारा न्यूनगंड दीर्घकाल त्रासदायक ठरतात. या विकाराच्या उपचारांचा इतिहास दोन दृष्टींनी बोधप्रद आहे. विकाराची कारणे जसजशी उलगडत गेली तसतसे उपचार अधिक परिणामकारक झाले. तथापि त्या उपचारांतील धोका कोणी पत्करावयाचा, हा प्रश्नही प्रत्येक टप्प्यावर निर्माण झाला.

आयुर्वेदात सुश्रुतसंहितेतील क्षुद्ररोगांमध्ये ‘मुखदूषिका’ या नावाने या विकाराचे वर्णन आढळते. तरुणांच्या मुखावर सावरीच्या काट्यांसारख्या दिसणाऱ्या या पुटकुळ्या कफ, वात व रक्त यांच्या दुष्टीमुळे होतात, असे त्यात म्हटले आहे. शार्ङ्गधरसंहितेत त्यांवर लोध्र, धने व वेखंड यांचा लेप सांगितला आहे.

यूरोपात त्वचाविकारांचे पद्धतशीर वर्गीकरण रॉबर्ट विलन व त्यांचे शिष्य टॉमस बेटमन या इंग्रज वैद्यांनी सुरू केले. बेटमन यांच्या १८१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रोझेशिया (गाल व नाक यांवर टिकून राहणारी लाली व पुटकुळ्या) हा मुरमांचाच एक प्रकार मानलेला होता. हे दोन विकार भिन्न आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. पाउल गेर्सोन उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ञांनी १८९६ मध्ये मुरमांतील सूक्ष्मजंतूंचे वर्णन केले. या सूक्ष्मजंतूंना दीर्घकाल ‘प्रोपिओनिबॅक्टिरियम ॲक्निस’ म्हणत. २०१६ पासून त्यांना ‘क्युटिबॅक्टिरियम ॲक्निस’ हे नाव आहे. ते निरोगी त्वचेवरही राहतात, त्यामुळे मुरूम हा साध्या अर्थाने संसर्गजन्य रोग ठरत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंधक, रिसॉर्सिनॉल व सॅलिसिलिक अम्ल यांची मलमे वापरीत. याच काळात क्ष-किरणांचा उपचारही रूढ झाला. या किरणांनी त्वक्‌स्नेह ग्रंथी आकसतात व मुरूम कमी होतात. परंतु किरणोपचार घेतलेल्यांपैकी काहींना पुढे त्वचेचा व अवटू ग्रंथीचा (गळ्यातील अंतःस्रावी ग्रंथीचा) कर्करोग झाल्याचे आढळले आणि हा उपचार मागे पडला. गुण तत्काळ दिसतो व अपाय अनेक वर्षांनी प्रकट होतो, याचे हे ठळक उदाहरण होय. मुरमांमागील अंतःस्रावी कारण जेम्स हॅमिल्टन यांनी १९४१ मध्ये दाखविले. वृषणांचे कार्य न झालेल्या पुरुषांना मुरूम येत नाहीत. मात्र त्यांना पुरुष-हॉर्मोन दिल्यास ते येऊ शकतात, असे त्यांना आढळले.

१९५० नंतरच्या दशकात टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैव औषधे (अँटिबायॉटिक्स) पोटात देण्यास सुरुवात झाली. बेंझॉइल पेरॉक्साइड व गंधक यांच्या मलमाचा मुरमांवरील उपयोग कॅनडातील विल्यम पेस यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रतिजैवांच्या दीर्घ वापरामुळे त्यांना दाद न देणारे सूक्ष्मजंतू निर्माण होतात, हे १९७९ मध्ये दिसून आले. बेंझॉइल पेरॉक्साइडाच्या बाबतीत असा प्रतिरोध निर्माण होत नाही. म्हणून प्रतिजैव एकटे न देता त्याच्या जोडीने हे संयुग वापरण्याची पद्धत पडली.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे अ जीवनसत्त्वापासून मिळणारे रेटिनॉइक अम्ल (ट्रेटिनॉइन) होय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲल्बर्ट क्लिगमन (१९१६–२०१०), जेम्स फुल्टन व गेर्ड प्लेव्हिख यांनी १९६९ मध्ये त्याचा मुरमांवरील परिणाम प्रसिद्ध केला आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. केशपुटकाचे तोंड मृत पेशींनी बुजण्याची मूळ क्रियाच ते रोखते. आजही हे औषध उपचाराचा एक आधार आहे.

या यशाला एक काळी बाजू आहे. फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात क्लिगमन यांच्या देखरेखीखाली कैद्यांवर अनेक प्रयोग झाले. ट्रेटिनॉइनच्या सुरुवातीच्या चाचण्यांपैकी काही तेथेच झाल्या. कैद्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे होते. जामिनाची रक्कम भरता न आल्यामुळे अडकून पडलेले अनेकजण थोड्याशा पैशांसाठी प्रयोगास तयार होत. धोक्यांची पूर्ण कल्पना त्यांना दिली जात नसे. डाऊ केमिकल कंपनीसाठी केलेल्या प्रयोगांत ७० कैद्यांच्या त्वचेवर डायॉक्सिन हे विषारी द्रव्य लावले गेले. त्यांपैकी १० जणांना ठरविलेल्या मात्रेच्या ४६८ पट मात्रा देण्यात आली व ८ जणांना क्लोरॅक्ने हा मुरमांसारखा तीव्र विकार झाला. या प्रयोगांचा सविस्तर वृत्तांत ॲलन हॉर्नब्लम यांच्या १९९८ मधील ग्रंथामुळे सर्वांसमोर आला. माजी कैद्यांपैकी सु. ३०० जणांनी लावलेला दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला गेला. विद्यापीठाच्या वैद्यक विद्यालयाने २०२१ मध्ये व फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली.

मुरूम व आहार यांच्या संबंधाविषयीचे एक प्रसिद्ध संशोधनही याच गटाचे आहे. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीतील ६५ जणांपैकी ३५ जण कैदी होते. चॉकलेटाने मुरूम वाढत नाहीत, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात आला व तो अनेक वर्षे प्रमाण मानला गेला. तुलनेसाठी दिलेल्या वडीतही चॉकलेटाइतकीच साखर व स्निग्ध पदार्थ होते, हा त्यातील दोष पुढे दाखविण्यात आला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवडे केलेल्या चाचणीत रक्तातील साखर मंद गतीने वाढविणाऱ्या आहाराने मुरूम कमी झाल्याचे आढळले.

तीव्र व गाठीयुक्त मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घ्यावयाचे औषध अत्यंत गुणकारी ठरले. गॅरी पेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये १४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १३ जणांचे मुरूम पूर्णपणे नाहीसे झाले व औषध थांबविल्यानंतरही गुण टिकला. अमेरिकेत १९८२ मध्ये त्याला मान्यता मिळाली. गर्भावस्थेत ते घेऊ नये, ही सूचना प्रारंभापासून होती. परंतु केवळ सूचना पुरेशी ठरली नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधाशी संबंध आलेल्या १५४ गर्भधारणांची नोंद असून त्यांत २१ अर्भके कान, हृदय, मेंदू इत्यादींच्या विकृती घेऊन जन्माला आली. २००६ पासून अमेरिकेत डॉक्टर, औषधविक्रेता व रुग्ण या सर्वांची नोंदणी सक्तीची करण्यात आली.

रोझेशियाच्या बाबतीत प्रतिजैवांचा गुण हा मुख्यतः शोथ (दाहयुक्त सूज) कमी करण्यामुळे येतो, असे दिसून आले. म्हणूनच सूक्ष्मजंतूंवर परिणाम न करणारी डॉक्सिसायक्लिनाची ४० मिग्रॅ. ची मात्रा २००६ मध्ये मान्य झाली. केशपुटकात राहणाऱ्या डेमोडेक्स या सूक्ष्म किडीशीही या विकाराचा संबंध जोडला जातो. तिचा नाश करणाऱ्या आयव्हरमेक्टिनाच्या मलमास २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

भारतात वेगळीच समस्या उद्भवली. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून स्टेरॉइडयुक्त मलमे गोरेपणासाठी वा मुरमांसाठी चेहऱ्यावर लावण्याची सवय पसरली. या मलमांनी प्रथम लाली ओसरते. पुढे मात्र त्वचा पातळ होते, नवे मुरूम येतात व मलम थांबविताच दाह उसळतो. देशातील १२ केंद्रांत केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी मलमे वापरीत असल्याचे आढळले. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय होऊ नये, असा नियम केला.

मुरूम हा सामान्य व बहुधा आपोआप ओसरणारा विकार असल्यामुळे त्याच्या उपचारात लाभ व धोका यांचे माप विशेष काळजीने घ्यावे लागते. क्ष-किरण, तुरुंगातील प्रयोग, गर्भावरील परिणाम व स्टेरॉइड मलमे या सर्व बाबतींत लाभ आधी दिसला व किंमत नंतर कळली. पुष्कळदा ती किंमत ज्यांना नकार देणे शक्य नव्हते त्यांनीच मोजली. संमती, नोंदणी व औषधविक्रीवरील नियंत्रण यांसंबंधीचे आजचे नियम या अनुभवातूनच घडलेले आहेत.