‘प्रोक्युअरमेंट’ आणि मराठी व्यवहारभाषा : बेगमी, लेव्ही, खरेदी व संकलन

प्रस्तावना

‘प्रोक्युअरमेंट’ हा इंग्रजी शब्द आज पुणे शहरात व परिसरात सर्रास ऐकू येतो. चाकण आणि पिंपरी-चिंचवड येथील कारखान्यांत पूर्वी ‘परचेस’ म्हणून ओळखले जाणारे काम आता अनेक ठिकाणी याच नावाने ओळखले जाते. शासनाची धान्यखरेदी, दूध संघांचे संकलन, महापालिकेच्या निविदा या सर्वांसाठी इंग्रजीत हा एकच शब्द चालतो. मराठीत मात्र या प्रत्येक व्यवहाराला वेगळे नाव आहे. हे वेगळेपण केवळ शब्दसंपत्तीचे नसून त्यामागे सत्ता आणि उत्पादक यांच्या संबंधांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार

या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘प्रो’ म्हणजे एखाद्याच्या वतीने आणि ‘क्यूरा’ म्हणजे काळजी. दुसऱ्याच्या वतीने काळजी वाहणे हा त्याचा मूळ अर्थ होय. परंतु रोमन साम्राज्यात ‘प्रोक्युरेटर’ हा सम्राटाच्या वतीने प्रांतांतील महसूल व मालमत्ता सांभाळणारा अधिकारी होता. म्हणजेच काळजी आणि वसुली या दोन्ही छटा या शब्दात प्राचीन काळापासून एकत्र नांदत आहेत.

रोजच्या इंग्रजी बोलण्यात हा शब्द क्वचितच येतो. इंग्रजी बोलणारा मनुष्य भाजी किंवा कापड ‘प्रोक्युअर’ करत नाही, तो ते विकत घेतो. वस्तू सहजासहजी मिळणारी नसेल, ती दुसऱ्यासाठी मिळवायची असेल किंवा ठरावीक कार्यपद्धतीने मिळवायची असेल, तेव्हाच हा शब्द वापरला जातो. त्याला एक काळी बाजूही आहे. वेश्याव्यवसायासाठी स्त्रिया मिळवून देणे या अर्थाने तो १९५६ च्या अनैतिक व्यापारविरोधी कायद्यात आढळतो. मिळवणाऱ्याची इच्छा या शब्दात स्पष्ट असते. ज्याच्याकडून मिळवायचे त्याची संमती होती किंवा नाही, याविषयी तो मौन पाळतो.

बेगमी आणि मराठा राज्यव्यवहार

मराठीत पुरवठ्याची आगाऊ तरतूद दर्शविणारा जुना शब्द ‘बेगमी’ हा होय. तो फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे दुःख वा चिंता. म्हणून बेगमी म्हणजे निश्चिंती. पावसाळ्यापूर्वी घरात धान्य, सरपण, मीठ-मिरची भरून ठेवली की घर निश्चिंत होते. लॅटिन शब्दात जी ‘काळजी’ आहे, तिचेच निवारण मराठी शब्दात आहे, हे साम्य लक्षणीय आहे.

मात्र राज्याची बेगमी रयतेची चिंता वाढवूनही होऊ शकते, याची जाणीव मराठा राज्यकर्त्यांना होती. छत्रपती शिवाजी महाराजांचे १६७३ सालचे चिपळूण येथील लष्करी अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेले पत्र या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा व वैरण जपून वापरावी, अन्यथा तुटवडा पडून लष्कराचे लोक रयतेच्या घरात शिरतील. लागेल ते धान्य, गवत, भाजी बाजारातून पैसे देऊन घ्यावे, असा त्या पत्राचा आशय आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही हाच विचार आढळतो. आरमारासाठी लाकूड हवे असले तरी रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन ते घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. संमती आणि मोल या दोन अटी पूर्ण झाल्यासच राज्याचे घेणे न्याय्य ठरते, असा याचा अर्थ होतो. हे दंडक सदैव पाळले गेले असे म्हणता येणार नाही. परंतु ते लिहून ठेवावे लागले, यातच नेमका धोका कोठे होता हे दिसून येते.

दुसरे महायुद्ध, रेशन आणि लेव्ही

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या प्रश्नाला नवे रूप आले. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्याच वर्षी २ मे पासून मुंबईत रेशनपद्धती सुरू झाली आणि सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अध्यक्षतेखालील अन्नधान्य धोरण समितीने एक लाखाहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत रेशन लागू करण्याची शिफारस केली. पुणे हे याच वर्गातील शहर होते. शहराला ठरावीक दराने धान्य द्यावयाचे तर ते ग्रामीण भागातून ठरावीक दरानेच गोळा करणे ओघाने आले. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ व त्यांचे सहकारी याच काळात किंमत-नियंत्रण आणि अन्नपुरवठा यांचा अभ्यास करीत होते.

या व्यवस्थेतून मराठी खेड्यात ‘लेव्ही’ हा शब्द रुजला. त्यासोबत येणारे क्रियापद विशेष बोलके आहे. शेतकरी बाजारात धान्य ‘विकतो’. लेव्ही मात्र तो ‘भरतो’ किंवा ‘घालतो’. शेतसारा भरावा, तशी लेव्ही भरायची. सरकारी कागदावर हा मोबदला देऊन केलेला व्यवहार होता. शेतकऱ्याच्या भाषेने त्याची नोंद कर म्हणून केली.

१९६५ साली स्थापन झालेल्या कृषी मूल्य आयोगाच्या आरंभीच्या काळात दोन वेगळ्या किमती जाहीर होत असत. भाव कोसळल्यास आधार देणारी किमान आधारभूत किंमत ही एक, आणि सरकार प्रत्यक्ष ज्या दराने धान्य घेई ती ‘प्रोक्युअरमेंट’ किंमत ही दुसरी. दुसरी सामान्यतः पहिलीपेक्षा अधिक, पण खुल्या बाजारापेक्षा कमी असे. पुढे हा भेद पुसट होऊन एकच ‘हमीभाव’ उरला. परिणामी एकेकाळी सक्ती म्हणून टाळली जाणारी गोष्ट आज हक्क म्हणून मागितली जाते. इंग्रजी शब्द तोच राहिला. शेतकऱ्याची त्याच्याशी असलेली भूमिका उलटली.

एकाधिकार, साखर आणि दूध

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यान्वये १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. ‘खरेदी’ या शब्दात दोन स्वतंत्र इच्छा गृहीत असतात. ‘एकाधिकार’ हा शब्द त्यांपैकी एक काढून घेतो. हमी दर हे या योजनेचे बळ होते, तर परराज्यात भाव चढे असताना कापूस तेथे विकण्याची मनाई हा तिचा जाच होता. पुणे जिल्ह्यातील चाकण येथून कांद्याच्या प्रश्नावर चळवळ उभी करणाऱ्या शरद जोशी यांनी सरकारी हस्तक्षेपाची जी टीका केली, तिचे मर्म हेच होते.

साखरेच्या बाबतीत ‘लेव्ही’ हा शब्द सर्वाधिक काळ टिकला. १९६७ मधील अंशतः विनियंत्रणानंतर कारखान्यांना उत्पादनाचा ठरावीक हिस्सा नियंत्रित दराने द्यावा लागे. हा हिस्सा कमी होत होत १० टक्क्यांवर आला आणि २०१३ साली ही पद्धत बंद झाली.

दूधव्यवसायाने याउलट ‘संकलन’ हा शब्द स्वीकारला. सकाळ-संध्याकाळ गावच्या केंद्रावर थोडेथोडे दूध एकत्र होते, ही क्रिया त्यात व्यक्त होते आणि सभासदत्वाचा भावही त्यात सामावतो. राज्य शासनाने कार्यालयीन वस्तूंसाठी १ डिसेंबर २०१६ रोजी काढलेल्या नियमपुस्तिकेत ‘खरेदी’ हाच शब्द आहे. तेथे पुरवठादार निविदा भरण्यास वा न भरण्यास मोकळा असतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, इंग्रजीतील एका शब्दाने झाकलेले भेद मराठीने उघड ठेवले आहेत. बेगमीत निश्चिंती, लेव्हीत सक्ती, खरेदीत परस्पर संमती आणि संकलनात सहभाग आहे. हिंदी राजभाषेत रूढ असलेला ‘प्रापण’सारखा एकच संस्कृतोद्भव प्रतिशब्द सर्वत्र योजल्यास परिभाषेत एकरूपता येईल; परंतु देणाऱ्याला नकार देता येत होता काय, हा प्रश्न शब्दातूनच नाहीसा होईल. १६७३ च्या पत्राने तो प्रश्न विचारला होता आणि ‘लेव्ही भरणाऱ्या’ शेतकऱ्याने आपल्या क्रियापदातून त्याचे उत्तर दिले होते. शासनव्यवहाराची मराठी घडविताना ही लोकभाषेतील साक्ष जपणे म्हणूनच अगत्याचे आहे.